बैठकीचें कापड



घराला रंग द्यावयाचा झाला म्हणजे आपण चार माणसांचें मत घेतों. नवें भांडें घेतांना तें वाजवून पाहतों. साडी घेतांना तर ती दुकानाबाहेर उजेडांत नेऊन पदर उलगडून पाहण्याचा आपल्याकडे दंडकच आहे. परंतु ज्यावर घरांतील सारीं माणसें रोज दोन-चार तास बसणार, लहान मूल दूध सांडणार, आजोबा दुपारीं डुलकी घेणार आणि पाहुणा चहाची कपबशी सांभाळीत टेकणार, तें कोचाचें कापड मात्र नमुन्याच्या वहीचीं पानें उलटून दहा मिनिटांत ठरविलें जातें. वहींतील तुकडा तळहाताएवढा असतो. त्यावर कोणी बसलेलें नसतें, तो कोणी धुतलेला नसतो, आणि पावसाळा म्हणजे काय हें त्याला ठाऊक नसतें. अशा तुकड्यावर भाळून घेतलेलें कापड दोन-तीन वर्षांत घराला नकोसें झालें, तर त्यांत नवल तें काय?

आज मी शोभेविषयीं फारसें बोलणार नाहीं. रंगसंगति ही ज्याच्या त्याच्या आवडीची गोष्ट आहे. मला बोलावयाचें आहे तें कापडाच्या स्वभावाविषयीं, आणि त्याहूनही घराच्या स्वभावाविषयीं. कारण कापड चांगलें कीं वाईट हा प्रश्न एकट्या कापडाकडे पाहून सुटत नाहीं. एकच मखमल एका घरांत वीस वर्षें टिकते, आणि दुसऱ्या घरांत पहिल्या दिवाळीलाच तिला टक्कल पडूं लागतें.

आपल्या जुन्या बैठकीची येथें आठवण करणें उपयोगाचें आहे. वाड्याच्या दिवाणखान्यांत जी बैठक असे, तींत गादी, लोड, तक्के आणि त्यांवर पांढरी चादर व पांढरे अभ्रे एवढेंच सामान असे. तो पांढरा रंग केवळ हौसेचा नव्हता. मळ चटकन दिसावा, दिसला कीं चादर काढून परटाकडे द्यावी आणि कपाटांतली दुसरी घालावी, अशी ती व्यवस्था होती. गादी उन्हांत टाकतां येई. तिच्यांतला कापूस दबला कीं पिंजारी दारांत बसून तो पिंजून देई. म्हणजे आंतील कापूस, गादीचें जाड कापड आणि वरची चादर हे तीन थर एकमेकांपासून सुटे होते, आणि प्रत्येकाची निगा निराळी होती.

कोच आला आणि हे तीन थर एक झाले. लांकडी चौकटीवर कापड ताणून चुकांनीं ठोकलें, कीं तें फाटेपर्यंत निघावयाचें नाहीं. मळलें तर वरून पुसा, ओलें झालें तर पंखा लावा, आणि शिवणींत ढेकूण शिरले तर नशिबाला दोष द्या! ज्या देशांतून हा कोच आपल्याकडे आला, तेथील सुखवस्तु घरांतही भारी कापडावर धुतां येणाऱ्या सुती गवसण्या घालण्याची चाल अठराव्या शतकांत चांगली रुळलेली होती. आपण कोच उचलला, गवसणी मात्र तिकडेच राहिली. या गवसण्यांसाठीं तिकडे ज्या कापडाला मान होता, तें पुष्कळदां आपलें छापील चीट असे. त्याचा रंग धुऊन जात नसे, ही त्याची मोठी ख्याति. त्याचें वेड इतकें वाढलें कीं फ्रान्सनें १६८६ सालीं त्यावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडनें आपल्या लोकरीच्या आणि रेशमाच्या धंद्याला संरक्षण म्हणून १७२१ मध्यें कायदा केला; त्या कायद्यानें असें कापड अंगावर घालण्यासच नव्हे, तर पलंग, खुर्च्या, उशा आणि पडदे यांना वापरण्यासही मनाई झाली. ती १७७४ मध्यें उठली. खुर्चीच्या कापडासाठीं पार्लमेंटांत कायदे व्हावेत, यावरून त्या कापडाची योग्यता लक्षांत यावी.

तेव्हां माझें पहिलें सांगणें असें, कीं कोणतें कापड घ्यावें हें ठरविण्यापूर्वीं तें निघणारें असावें कीं ठोकलेलें असावें हें ठरवा. ज्या घरांत मुलें, वृद्ध माणसें, कुत्रें-मांजर यांपैकीं कोणीही आहे, त्या घरानें निघणारेंच घ्यावें असें माझें स्पष्ट मत आहे. गवसणी घातलेला कोच तितका रुबाबदार दिसत नाहीं, हें मला मान्य आहे. परंतु त्या रुबाबाची किंमत कोण देतो, तेंही पाहिलें पाहिजे. नवा कोच आला कीं मुलांना ‘वर पाय घेऊं नका’ अशी ताकीद मिळते; आजीच्या हाताला कंप असतो म्हणून तिचा चहा स्वयंपाकघरांतच दिला जातो, आणि थोड्याच दिवसांत तिची कायमची जागा कोपऱ्यांतील वेताच्या खुर्चीवर जाते. कोणी तिला ऊठ म्हणत नाहीं. पण आपल्या हातून कांहीं सांडेल या धास्तीनें ती स्वतःच तेथें बसेनाशी होते. कांहीं घरांत तर कारखान्यांतून आलेलें प्लॅस्टिकचें वेष्टण वर्षानुवर्षें तसेंच ठेवतात. उन्हाळ्यांत त्यावर बसलेला पाहुणा उठतांना सदऱ्यासह सोलून निघतो. चार जणांनीं टेकावें म्हणून आणलेली वस्तु घरांतल्याच माणसांपासून राखून ठेवावी लागत असेल, तर तिचें कापड चुकलें असें खुशाल समजावें.

म्हणून कापड निवडतांना घरांतील सर्वांत टापटिपीच्या माणसाचा विचार करूं नये. सर्वांत बेफिकीर आणि सर्वांत असहाय अशा दोन माणसांचा करावा. त्यांना जें चालेल, तें इतरांना चालतेंच.

आतां धाग्यांकडे वळूं. मोजमापाच्या ठराविक हवेंत, म्हणजे शेंकडा ६५ दमटपणा असतांना, कापूस आपल्या वजनाच्या सुमारें साडेआठ टक्के पाणी धरून ठेवतो. लोकर त्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाहीं. या आंकड्यांत बसणाऱ्याचें पुष्कळसें सुखदुःख सांठविलेलें आहे. कापूस घाम टिपतो, म्हणून उकाड्यांत त्यावर बसवतें. पण तोच गुण मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या पावसाळ्यांत उलटतो. जून ते सप्टेंबर हवेंतील दमटपणा शेंकडा ८० च्या आसपास किंवा त्याहून वर राहतो, जाड सुती कापड कधींच पुरतें कोरडें होत नाहीं, आणि भिंतीला लागलेल्या कोचाच्या पाठीवर बुरशीचे करडे ठिपके उमटतात. पॉलिएस्टर लवकर वाळतें, आटत नाहीं, चुरगळत नाहीं; मात्र त्याला तेलाचें प्रेम फार. पाण्याला दूर ठेवणारा हा धागा डोक्याचें तेल असें धरतो कीं साध्या धुण्यानें तें सुटत नाहीं. समुद्रकांठीं राहणाऱ्यांनीं कापूस आणि पॉलिएस्टर यांचें मिश्र कापड घ्यावें. पुण्या-नाशिकाकडे, सोलापुराकडे किंवा विदर्भांत निव्वळ सुती कापड खुशाल वापरावें. लोकरीच्या वाटेला आपल्या हवेंत कोणी जाऊं नये, कारण तिला कसर लागते. आणि रेशीम साडीला शोभतें, तें तेथेंच शोभूं द्यावें.

तेलाचा विषय निघाला म्हणून सांगतों. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतले पुरुष केसांना मॅकॅसार नांवाचें तेल चोपडीत. त्या तेलापासून खुर्चीची पाठ वांचवावी म्हणून गृहिणी तिच्यावर एक सुटा रुमाल टाकूं लागल्या, आणि त्या रुमालाला ‘अँटिमॅकॅसार’ हेंच नांव पडलें. खोबरेल तेलाच्या आपल्या मुलखांत तर ही तरकीब घरोघर हवी. पाठीच्या वरच्या वीतभर भागावर आणि हातांवर त्याच कापडाचे सुटे तुकडे शिवून घेतले, तर मुख्य गवसणी निम्म्या वेळां धुवावी लागते. तेलाचा ताजा डाग पडला तर घांसूं नये. शंखजिऱ्याची पूड भुरभुरून तासभर ठेवावी व मग झटकावी.

आणि हळद! आपल्या घरांत हळदीचा डाग पडणार नाहीं असें कापड जगांत निघावयाचें आहे. साबण लावतांच तो डाग लाल होतो आणि गृहिणी घाबरते. घाबरण्याचें कारण नाहीं. हळदीला चुना किंवा पापडखार लागला कीं कुंकू होतें, हें आपल्या आज्यांना ठाऊक होतें, आणि साबणानें तेंच घडतें. खळबळून धुवून कापड कडक उन्हांत टाकलें कीं हळदीचें रंगद्रव्य उजेडानें मोडतें व दोन-तीन दिवसांत डाग पुष्कळसा उडतो. पण गंमत अशी, कीं त्यासाठीं कापड उन्हांत नेतां आलें पाहिजे. कोच कोण गच्चीवर नेणार? गवसणीच्या बाजूनें याहून चांगला पुरावा मला सुचत नाहीं.

आतां एका कापडाविषयीं थोडें सविस्तर बोलावें लागेल, कारण सर्वांत अधिक पैसे त्यावर बुडतात. रेक्झिन हें मूळचें एका इंग्रजी कंपनीच्या मालाचें नांव. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन तें बनवीत. पुढें तें नांव आपल्याकडे सर्वच नकली चामड्याला चिकटलें. हल्लीं मिळणारें नकली चामडें मुख्यतः दोन जातींचें असतें. एकावर पीव्हीसीचा थर असतो, दुसऱ्यावर पॉलियुरेथेनचा. पहिलें थोडें जड आणि टणक; दुसरें मऊ, हलकें, आणि दुकानांत हात लावतांच मन वळविणारें. पण पॉलियुरेथेनच्या नेहमींच्या जातीला हवेंतील ओलाव्याचेंच वावडें आहे. पाण्याचे कण त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडतात. कोणी न बसतांही हें चालूच असतें. मग एके दिवशीं वरचा थर पापुद्र्यांनीं सुटूं लागतो, काळे-तपकिरी तुकडे पाठीला, फरशीला, मुलांच्या हातांना चिकटतात, आणि तीन-चार वर्षांपूर्वीं मोठ्या रकमेला घेतलेला कोच महारोग झाल्यासारखा दिसतो. यावर कोणतेंही मलम नाहीं; शिवून, चिकटवून, रंगवून तो थांबत नाहीं. सर्व पॉलियुरेथेन सारखें नसतें हेंही खरें. पॉलिकार्बोनेट जातीचें ओलाव्याला पुष्कळ अधिक टिकतें, पण तें महाग असतें. विक्रेत्याला जात सांगतां येत नसेल, तर कोंकणपट्टींत राहणाऱ्यानें तें घेऊं नये.

पीव्हीसीचें दुखणें निराळें. त्याला मऊ ठेवण्यासाठीं जो तेलकट पदार्थ घालतात, तो उष्णतेनें हळूहळू निघून जातो, आणि मग थर ताठ होऊन घडीवर तडकतो. नागपूरचा उन्हाळा, पारा ४५ अंशांच्या घरांत, आणि कोच पश्चिमेच्या खिडकीखालीं: ही योजना त्याला मानवत नाहीं. तरीही दवाखान्याच्या बाकाला, जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांना, जेथें वरचेवर ओल्या फडक्यानें पुसावयाचें आणि कोणी तासन् तास टेकावयाचें नाहीं, तेथें चांगलें जाड रेक्झिन हेंच योग्य. रेल्वेच्या डब्यांतून आपण तें उगीच पाहत नाहीं. खऱ्या चामड्याविषयीं एवढेंच सांगतों, कीं ज्यांना आठवड्याला तें पुसण्याचा आणि पावसाळ्यांत त्यावरची बुरशी टिपण्याचा कंटाळा नाहीं, त्यांनीं तें जरूर घ्यावें.

विणीची परीक्षा दुकानांतच करतां येते, आणि तिला कोणाची परवानगी लागत नाहीं. कापड उजेडासमोर धरा. चाळणीसारखें दिसलें तर परत ठेवा. दोन्ही आंगठे शेजारीं-शेजारीं ठेवून कापड बाजूंना ओढा. धागे सरकून मध्यें फट पडली, तर शिवणीपाशींही तशीच पडणार. नखानें हलकें ओरखडा. धागा वर उचलला गेला, तर घरांतलें मांजर उरलेलें काम पुरें करील. मांजर असलेल्या घरांत उठावदार, सैल फांसांचें कापड टाळावें. आखूड व दाट लव असलेलें कापड त्यामानानें बरें, कारण नख अडकण्यास त्यांत फांस नसतो. चांगल्या कापडाच्या चिठ्ठीवर मार्टिंडेल या नांवापुढें एक आंकडा असतो. यंत्रावर लोकरीच्या कापडाशीं घांसून नमुना किती फेरे टिकतो, त्याचा तो आंकडा. साधारणतः घरच्या रोजच्या वापराला २०,००० च्या पुढचें कापड घ्यावें. दहा हजारांच्या खालचें फक्त शोभेच्या उशांना. पण आंकड्याला भुलूंही नये. घांसण्याचा आंकडा घाम, तेल, ऊन आणि ओलावा यांविषयीं कांहींच बोलत नाहीं. पन्नास हजार फेरे टिकणारें कापडही तेलानें काळें पडतें.

उन्हासाठीं निराळी मोजणी आहे. निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्यांबरोबर नमुना उजेडांत ठेवून तो कोणत्या पट्टीबरोबर विटतो तें पाहतात. प्रत्येक पुढची पट्टी विटण्यास मागचीच्या सुमारें दुप्पट वेळ घेते. म्हणून चार आणि सहा यांत दिसतो त्याहून फार मोठा फरक आहे. खिडकीजवळच्या कोचाला पांचाहून कमी श्रेणीचें कापड घेऊं नये. हातमागाच्या कापडावर अशी चिठ्ठी बहुधा नसते. कण्णूरचें हातमागाचें जाड कापड किंवा आपली सोलापुरी चादर यांचा एक तुकडा अर्धा पुठ्ठ्याखालीं झांकून महिनाभर खिडकींत ठेवला, तर घरबसल्या उत्तर मिळतें. सोलापुरी चादर तर कोचावर नुसती अंथरण्यासही उत्तम. ती जाड असते, धुतां येते, आणि जुन्या बैठकीची थोडी आठवण देते.

ज्यांच्या घरांत कोणाला दमा आहे, त्यांनीं मखमल आणि जाड लवेचीं कापडें यांचा मोह सोडावा. दमट हवेंत धुळींतले डोळ्यांना न दिसणारे किडे गाद्यांत व कोचांत वाढतात, आणि त्यांच्या विष्ठेनें पुष्कळांना दम लागतो. ६० अंश उष्ण पाण्यानें धुतलें कीं ते मरतात. सुती गवसणीला हें पाणी सोसतें. तिचा रंग पक्का असावा, एवढेंच पाहावें. आगीचाही विचार मनांत असावा. हल्लींच्या कोचांत जो फोम असतो तो पेटला तर वेगानें पेटतो व विषारी धूर सोडतो. ब्रिटननें तर याच भयानें १९८८ मध्यें कोचांच्या कापडासाठीं व भरावासाठीं कडक नियम केले. पणत्या आणि उदबत्ती कोचाच्या हातावर ठेवण्याची संवय घरांत असेल, तर ती आधीं मोडावी.

शेवटीं गवसणी शिवण्याविषयीं. कोचांच्या कापडाचा पन्हा साधारणतः ५४ इंची असतो, आणि तिघांच्या कोचाला उशांसह दहा ते बारा मीटर कापड लागतें. मोठी नक्षी असेल तर जोड जुळविण्यासाठीं अधिक. सुती कापड कापण्यापूर्वीं सबंध पाण्यांतून काढून वाळवून घ्यावें. शेंकडा पांच आटणारें कापड दोन मीटर लांबीच्या गवसणींत दहा सेंटिमीटरांनीं तोकडें पडतें, आणि पहिल्या धुण्यानंतर ती कोचावर चढत नाहीं. कारागीर या कामाला कुरकुरतो, कारण त्याचे दोन दिवस जातात. पण तेथें मऊ पडूं नये. उशांच्या खोळींना मागच्या बाजूला पुरी लांब चेन लावून घ्यावी, अर्धी नव्हे. फोम दुमडून आंत घालतांना अर्ध्या चेनीच्या टोंकालाच शिवण उसवते. फोमवर पातळ मांजरपाटाचें अस्तर कायमचें शिवलेलें असावें, म्हणजे वरची खोळ धुण्यास गेली तरी कोच उघडा पडत नाहीं. जमल्यास गवसण्यांचे दोन संच करावेत. पैसे एकदम जातात, पण पावसाळ्यांत एक वाळेपर्यंत दुसरा अंगावर असतो. आणि काम संपल्यावर जो मीटरभर तुकडा उरेल, तो कपाटांत जपून ठेवूं नये. तो प्रत्येक वेळीं गवसणीबरोबरच धुवावा व उन्हांत टाकावा, म्हणजे चार वर्षांनीं कोपऱ्याला ठिगळ लावावयाची वेळ आली, तर त्याचा रंग गवसणीच्या रंगाइतकाच उतरलेला असेल.